ओ-नेट ऑनलाइन: 'लाइन' नव्हे, आतलं काम दाखवणारी साइट

करिअरची माहिती देणारी कुठलीही साइट उघडली की मी आधी स्वतःचं काम शोधते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. तिथलं वर्णन खरं निघालं, तरच बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायचा. बहुतेक ठिकाणी लॅबबद्दल 'रक्ताचे नमुने तपासणे' एवढं लिहून मोकळे होतात. ओ-नेटवर मात्र रक्त, लघवी आणि मणक्यातल्या द्रवाच्या तपासण्या होत्याच, शिवाय मशीनचं कॅलिब्रेशन (म्हणजे त्यांचं मोजमाप अचूक आहे ना हे तपासून जुळवणं), त्यांची देखभाल, निकालांच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणं हेही नोंदलेलं होतं. पेशंटला कधीच न दिसणारं आमचं काम कुणीतरी नीट विचारून लिहिलंय, याचं फार बरं वाटलं.

आणि ते विचारूनच लिहिलेलं आहे. ही साइट अमेरिकेच्या कामगार खात्याची. तिथे पूर्वी व्यवसायांचा एक जाडजूड कोश निघायचा, त्यात शेवटी बारा हजारांवर नोंदी होत्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा ओ-नेटने घेतली. आता नऊशेहून अधिक व्यवसायांची सविस्तर पानं आहेत आणि त्यातली बरीच माहिती ते काम करणाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन जमवलेली आहे. साइट फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही.

माझी भाची शाळेच्या शेवटच्या टप्प्यात आहे. "मावशी, मला मेडिकल लाइनला जायचंय," म्हणाली. मेडिकल लाइन म्हणजे काय, असं विचारल्यावर "डॉक्टर, नाहीतर नर्सिंग," एवढ्यावर गाडी थांबली. मग आम्ही दोघी साइट घेऊन बसलो. इथे प्रत्येक व्यवसायाला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे गट सांगतात. डॉक्टर, नर्स, लॅबवाले २९ मध्ये, मदतनीस ३१ मध्ये. पण हॉस्पिटलमधली उपकरणं दुरुस्त करणारा ४९ मध्ये, म्हणजे दुरुस्ती-देखभालीच्या गटात. वैद्यकीय संशोधनाची आकडेमोड करणारा बायोस्टॅटिस्टिशियन १५ मध्ये, गणित आणि कॉम्प्युटरवाल्यांसोबत. पेशंटच्या घरच्यांना आधार देणारे समाजसेवक २१ मध्ये, तर हॉस्पिटलचा कारभार बघणारे ११ मध्ये. इमारत एकच, पण आतली माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी आलेली! भाचीला कृत्रिम हात-पाय बसवणाऱ्यांचं पान सापडलं आणि ती त्यातच रमली. तिला हाताने काही बनवायला आवडतं, पण त्याचा हॉस्पिटलशी संबंध असू शकतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो 'वर्क कॉन्टेक्स्ट' हा भाग. दिवसातला किती वेळ उभं राहावं लागतं, संसर्गाशी किती संबंध येतो, वेळेचा ताण किती, आणि चूक झाली तर परिणाम किती गंभीर, हे सगळं तिथे आकड्यांत दिलेलं आहे. शेवटचा मुद्दा कॉलेजच्या माहितीपत्रकात मी कधी वाचलेला नाही. आमच्या कामात तोच दिवसभर मनावर असतो. नव्या मुलांना तो आधी कळायला हवा असं मला कळकळीने वाटतं. यातला एखादा मुद्दा निवडून सगळे व्यवसाय त्या क्रमाने लावताही येतात.

'माय नेक्स्ट मूव्ह' या जोडसाइटवर आवडीनिवडीची चाचणी आहे, साठ प्रश्नांची. स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का, नवं औषध शोधायला आवडेल का, असे साधे प्रश्न. शिक्षण आणि पगाराचा विचार बाजूला ठेवून उत्तरं द्या, असं ते आधीच सांगतात. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी केलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर ती बेतलेली आहे. चाचणी चांगली आहे, पण मी ती नंतर द्यायला सांगेन. चार-पाच कामांची पानं आधी वाचलेली असली की 'आवडेल' म्हणताना मुलांच्या डोळ्यांपुढे काहीतरी ठोस असतं.

पगार, मागणीचे अंदाज, परवाने हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. तुम्ही दुसऱ्या देशात असाल तर ते भाग सरळ सोडून द्या. कोणत्या कामाला किती शिक्षण लागतं हे सांगणारे 'जॉब झोन'ही तिथल्या रिवाजाचेच, त्यामुळे प्रवेशाची माहिती आपापल्या ठिकाणी काढावी लागेल. भाषा इंग्रजी आणि पानं लांबलचक. एकट्या मुलाला कंटाळा येईल, म्हणून शेजारी मोठं माणूस असलेलं बरं. आम्ही तर पान वाचून त्याखाली आपले प्रश्न लिहीत गेलो. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या एका बाई माझ्या ओळखीच्या आहेत. भाची ते प्रश्न घेऊन त्यांना भेटणार आहे आणि पहिला प्रश्न तिने स्वतःच काढलाय: माप चुकलं तर पेशंटला काय सोसावं लागतं?