बत्तीसचं रिव्हॉल्वर की एअर पिस्तूल?

इंदुरात नेमबाजीची हौस असलेल्या ओळखीच्या मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो. स्वसंरक्षण नको, पदकंही नकोत. रविवारी सकाळी शांतपणे कागदावर छिद्रं पाडायची आहेत. मग परवाना काढून बत्तीसचं, म्हणजे .32 बोअरचं रिव्हॉल्वर घ्यावं की साडेचार मिलिमीटरच्या एअर पिस्तुलावर भागवावं? मी दोन्ही वापरली आहेत. माझं मत खाली येईलच, पण तुमचा हात, तुमचा वेळ आणि तुमचा खिसा वेगळा असू शकतो, हे धरून वाचा.

रिव्हॉल्वरबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. घोडा मागे ओढून, चाप हलकेच दाबत सोडलेली बत्तीसची गोळी जो आनंद देते तो एअर पिस्तूल देत नाही. आवाज, दारूचा वास, हाताला बसणारा छोटासा झटका. बत्तीसचा झटका तसा सौम्यच. ‘.32 एस अँड डब्ल्यू लाँग’ हे काडतूस 1896 पासून चालत आलंय आणि 25 मीटर सेंटर-फायर स्पर्धेतही नेमबाज ते वापरतात, म्हणजे नेमासाठी ते कमअस्सल नाही. 9 एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये जातं, म्हणजे सामान्य माणसाला सहसा मिळत नाही, त्यामुळे हौशी माणसाची गाडी बहुधा बत्तीसवरच येऊन थांबते.

रिव्हॉल्वरच घ्यायचं ठरलं असेल तर हलक्या, आखूड मॉडेलांकडे वळू नका. कानपूरचं ‘निर्भीक’ साधारण अर्धा किलोचं, पर्समध्ये राहावं म्हणून बनवलेलं. नेमबाजीत हातातलं वजन आणि नळीची लांबी हवी असते, तेच तिथे कापलंय. ऑगस्ट 2023 मध्ये आलेलं ‘प्रबल’ त्या मानाने बरं: वजन 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, आणि काडतुसं भरायचा फिरता सिलिंडर बाजूला उघडतो. जुन्या, मधून मोडून उघडणाऱ्या बत्तीसमध्ये झाडलेल्या काडतुसांच्या सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर उडतात. बघायला मजा येते, पण मग रेंजवर वाकून एकेक शोधावी लागते, कारण पुढची काडतुसं घेताना दुकानदार रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब मागू शकतो. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमध्ये त्या तळहातावर घेता येतात. जुन्यात आणखी एक अडचण म्हणजे पक्की बसवलेली माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा. गोळी डावीकडे जाते हे कळलं तरी माशी हलवता येत नाही, नेमच उजवीकडे धरायची सवय लावावी लागते.

तरीही या कशानेच माझा निर्णय फिरला नव्हता. फिरला तो निवडणुकांनी.

मध्य प्रदेश विधानसभेची आचारसंहिता 9 ऑक्टोबर 2023 ला लागली आणि परवानाधारकांनी शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघाला. रिव्हॉल्वर ठाण्यात, पावती खिशात. मतमोजणी 3 डिसेंबरला झाली, हत्यार परत आलं, हात पुन्हा बसू लागला. तेवढ्यात 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता. इंदूरचं मतदान 13 मे ला, निकाल 4 जूनला. नुसते आचारसंहितेचे दिवस धरले तरी नऊ महिन्यांच्या आत साडेचार महिने रिव्हॉल्वर दुसऱ्याच्या कपाटात. वर जमा करण्याच्या आणि परत आणण्याच्या खेपा, अर्ज, आणि ‘साहेब आज नाहीत’. राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे सदस्य असलेल्या, स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंना या जमा करण्यातून सूट मिळते. रविवारच्या हौशी माणसाला कोण विचारतो? आदेशामागचं कारण मला पटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नेम ही रियाजाची गोष्ट आहे, आणि दोन-अडीच महिने तंबोराच घरात नसेल तर गळा कसा तयार होणार?

एअर पिस्तुलाला हा जाच नाही. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची पिस्तुलं तर सहा-सात जूलच्या आसपासच असतात. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच परवान्याची शस्त्रं ठेवता येतात. माळव्यात अनेक घरांत आजोबांची बारा बोअरची बंदूक असतेच, तेव्हा उरलेली एक जागा हौसेसाठी खर्च करावी का, हेही बघा.

आणि सराव घरी होतो. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या लांबुडक्या घरांत ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत तेवढं अंतर सहज निघतं. मागे जाड पोलादी छर्रापेटी, डोळ्यांना चष्मा आणि मधलं दार आतून बंद, एवढं मात्र कटाक्षाने पाळा. एका काडतुसाच्या पैशात मूठभर छर्रे येतात, त्यामुळे हात आखडता घ्यावा लागत नाही.

सोपं आहे म्हणून पोरकट समजू नका. 25 मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं. एअर पिस्तुलाच्या कागदावर ते अवघं साडेअकरा मिलिमीटर. बत्तीस वाजताना हात आधीच दचकतो की नाही हे झटक्यात लपून जातं, इथे लपायला जागाच नाही. एअर पिस्तुलावर काही महिने घालवून पुन्हा बत्तीस धरलं तेव्हा माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, आवळला होता. मोजमाप म्हणून हे फारसं पक्कं नाही, पण कागद मी जपून ठेवलेत.

ज्यांच्याकडे परवाना आधीपासून आहे आणि शेतावर सुरक्षित मातीचा बांध असलेली रेंज हाताशी आहे, त्यांनी बत्तीस जरूर ठेवावं. बाकीच्यांना मी आधी एअर पिस्तूल घ्या असंच सुचवेन. आत दाबाची हवा भरलेल्या सिलिंडरचं की प्रत्येक छर्रा सोडण्याआधी दांडा ओढायचं, एवढाच मग प्रश्न. सिलिंडरवालं चालवायला सोपं, पण हातपंपाने 200 बार दाबापर्यंत भरताना घाम निघतो. दांड्याचं संथ, पण त्याला पंप लागत नाही. जुनं सिलिंडरवालं मिळत असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी पाहा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात, आणि नवीन सिलिंडर मागवायचा खर्च विकणारा सहसा आपणहून सांगत नाही. मूठही हातात धरून बघा. डावखुऱ्यांची मूठ वेगळी येते.