जुनी फोर्कलिफ्ट उभी करायचीय: डिझेलची घ्यावी की बॅटरीची?

बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षांची फोर्कलिफ्ट भंगाराच्या भावात दिसली की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. किती टनाची, मास्ट (भार वर नेणारा पुढचा उभा सांगाडा) किती उंच, हे तुम्ही बघालच. खरा पेच पुढे असतो. आमच्या फाउंड्रीत जुनी डिझेल आणि जुनी बॅटरीची, दोन्ही खोलून उभ्या केल्यात, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

मास्टचं काम दोन्हींत सारखंच, तेव्हा निवड त्यावर ठरत नाही. लिफ्ट सिलिंडरची सील माप देऊन मिळतात, रोलरच्या बेअरिंगचंही तेच. साखळी मूळ लांबीपेक्षा ३ टक्के वाढली की सरळ नवी घालायची. फोर्क (भाराखाली जाणारा लोखंडी दात) जिथे वळतो तिथे १० टक्के झिजला असेल तर वेल्डिंग भरून चालवायचा मोह टाळा. कारखान्यात वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागतेच, पण त्याआधी आपल्याच माणसाचा पाय त्या फोर्कखाली असतो.

आता बॅटरीची गाडी. चालवायला ती फार गोड. धूर नाही, आवाज नाही, बंद शेडमध्ये माणसं कुरकुरत नाहीत. डीसी मोटर म्हणजे तर दणकट चीज: कार्बन ब्रश घासून मापात आणता येतात, ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर लेथवर साफ होतो. बॅटरी महाग पडते हे खरं. ४८ व्होल्टला २४ सेल. त्यातला एक जरी बसला तरी बाकीच्यांना खाली ओढतो. शिवाय त्या बॅटरीचं वजन हा मागच्या काउंटरवेटचाच, म्हणजे भाराचा तोल धरणाऱ्या वजनाचाच, भाग असतो. हल्ली हलकी लिथियम बॅटरी टाकायचा सल्ला देणारे बरेच भेटतात. कमी झालेलं वजन लोखंड भरून परत दिलं नाही, तर भार उचलताना मागची चाकं उचलली जातात. गाडीच्या पाटीवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं, ते वाचा.

हे सगळं मी सोसलं असतं. माझं डोकं उठवलं ते कंट्रोल पॅनेलच्या कार्डानं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटनं. सकाळी गाडी झकास चालायची, दुपारी मध्येच एक धक्का देऊन उभी. पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशी परत चालू. फाउंड्रीची काळी धूळ, त्यात लोखंडाचा कीस. तो कार्डावर बसतो. हवा मारली, क्लीनरने पुसलं, सोल्डर पुन्हा मारलं. कार्डावरच्या आयसीचे (चिपचे) नंबर कुणीतरी पूर्वी घासून काढलेले. दुरुस्ती करणारा म्हणाला, "साहेब, अशीच दुसरी चालू गाडी मिळवा, तिचं कार्ड काढू." म्हणजे एक भंगार जगवायला दुसरं भंगार! सुटा भाग तुटला की त्याचं माप घेता येतं. कार्ड बिघडलं की हातात नुसती हिरवी पट्टी. कार्डाऐवजी कॉन्टॅक्टर (विजेचे मोठे स्विच) आणि रेझिस्टन्सवर चालणारी त्याहून जुनी गाडी असेल तर हा त्रास नाही, तिचा विचार जरूर करा.

डिझेलमध्ये तुटका तुकडा पिशवीत घालून निघता येतं. स्टिअरिंग ॲक्सलचं किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) खिळखिळं झालं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरात पिन आणि गनमेटलचे बुश लेथवर करून मिळाले. इंजिनावर सिम्पसन किंवा पर्किन्सची पाटी असेल तर आणखी सुख: त्या घराण्याची इंजिनं मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही बसत आली आहेत, त्यामुळे लायनर-पिस्टन किट, हेड गॅस्केट, नोझल यांसाठी फोर्कलिफ्टवाल्याचं तोंड बघावं लागत नाही. फक्त 'फोर्कलिफ्टसाठी पाहिजे' असं काउंटरवर बोलू नका, भाव तिथेच वाढतो.

कंपनीकडून भाग मिळण्याचं म्हणाल तर दोन्ही प्रकारांत नशिबाचा भाग आहे. गोदरेज १९६३ पासून फोर्कलिफ्ट बनवते. व्होल्टासचा हा धंदा २०११ मध्ये जर्मनीच्या किऑन गटाकडे गेला. नाव कुठलंही असो, गाडीच्या पाटीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर आधी मोबाईलमध्ये टिपून घ्या. पाटीच गायब असेल तर किंमत पाडायला ते एक कारण.

डिझेलची दुखरी जागा ट्रान्समिशन. साधा क्लच असेल तर प्लेटला नवं लायनिंग मारून काम भागतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद देणाऱ्या) गाडीत आतले क्लच पॅक आणि चार्ज पंप शोधताना दम निघतो, आणि तेवढ्यापुरती बॅटरीची गाडी नक्कीच सरस. औषधाचं किंवा खाण्याचं गोदाम असेल तर धुरामुळे डिझेल तसंही बाद. पण साधा वर्कशॉप, उघडी शेड आणि जवळपास लेथवाला असेल, तर मी तरी पुन्हा डिझेलच घेईन.

सौद्याआधी गाडी अर्धा तास चालवायला मागा. गार असताना सगळीच ट्रान्समिशन शहाण्यासारखी वागतात. तेल तापल्यावर भार घेऊन रॅम्प चढवा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही असं झालं, तर ट्रान्समिशन उघडायचा खर्च किमतीतून कापून घ्या, नाहीतर नमस्कार करून निघा.