माद्रिदची '1914 च्या पिढीची' वॉकिंग टूर : पैसे निम्मेच वसूल

नवऱ्याची माद्रिदला कॉन्फरन्स होती, मी तीन दिवस मोकळी, म्हणून ही टूर बुक केली. कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाहीये कारण गाईड पोरगी नवीन होती आणि तिच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. तीन तास, 30 युरो, इंग्रजीतून, आम्ही नऊ जण. कवी लोर्का आणि चित्रकार दालीच्या टूर तिथे पैशाला पासरी मिळतात पण ह्यांनी वर्णनात तत्त्वज्ञ ऑर्तेगा, कवी हुआन रामोन हिमेनेथ, लेखक रामोन गोमेथ दे ला सेर्ना अशी नावं टाकली होती आणि मी तिथेच फसले.

ही मंडळी कोण ते थोडक्यात. 1898 ला स्पेन अमेरिकेशी लढाई हरला, क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स सगळं हातचं गेलं. आधीची पिढी, लेखक उनामुनो वगैरे, देशाच्या आत्म्याचं काय झालं ह्यावर उसासे टाकत राहिली. हे नंतरचे म्हणाले पुरे आता, बाहेर जा, जर्मनीत शिका, परत येऊन मासिकं काढा, पेपर काढा, संस्था उभ्या करा. ऑर्तेगा स्वतः मारबुर्गला शिकून आलेला. ह्यालाच नोवेथेन्तिस्मो म्हणतात किंवा 'चौदाची पिढी'. टाय लावून, मीटिंगा घेऊन देश बदलायला निघालेले लोक, बंडखोर वगैरे अजिबात नाही, आणि मला त्यांचं तेच आवडतं.

सुरुवातच गंडली. मेसेजमध्ये फक्त "प्रिन्सिपे रस्त्यावरच्या थिएटरसमोर भेटू" एवढंच. आता त्या रस्त्यावर थिएटरं दोन, एक तेआत्रो एस्पान्योल आणि थोडं पुढे तेआत्रो दे ला कोमेदिया, मी आणि एक डच जोडपं चुकीच्या दारात उभे, बाकीचे दुसरीकडे, फोन कोणी उचलेना, 25 मिनिटं गेली ती गेलीच, नंतर भरूनही दिली नाहीत.

पण कोमेदियासमोर गाईडनं जे सांगितलं ते एक नंबर. 23 मार्च 1914 ला ऑर्तेगा इथे 'जुनं आणि नवं राजकारण' ह्या विषयावर बोलला, वय फक्त 30. म्हणाला की स्पेन दोन आहेत, एक सरकारी, जो मेलेला आहे पण खुर्ची सोडत नाही, आणि दुसरा जिवंत, ज्याला कोणी आत घेत नाही. पोरीनं हे सांगताना बंद दाराकडे बोट केलं आणि मग मागे वळून रस्त्यावरच्या गर्दीकडे. एवढंच केलं, पण काटा आला अंगावर.

आतेनेओ, म्हणजे साहित्यिक-विचारवंतांचा क्लब, बाहेरूनच दाखवलं. पुढे स्पेनचा राष्ट्राध्यक्ष झालेला आथान्या इथे कितीतरी वर्षं सेक्रेटरी होता हे मी आधी वाचलेलं म्हणून मला माहीत, गाईड त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मग कार्रेतास रस्ता, जिथे पोम्बो कॅफे होतं. होतं, आता नाहीये. शनिवारी रात्री रामोन (गोमेथ दे ला सेर्ना) तिथे बैठक भरवायचा. हा माणूस सर्कशीत हत्तीवर बसून व्याख्यान दिलेला, एकेका ओळीत विनोद आणि रूपक भरून 'ग्रेगेरिया' लिहायचा. आम्ही फुटपाथवर उभे, लोक खांद्याला धक्के मारून जातायत, हेडसेटमधून नुसती खरखर, आणि गाईड टॅबलेटवर चित्रकार सोलानानं काढलेलं त्या बैठकीचं चित्र दाखवतेय ज्यावर ऊन पडल्यामुळे मला माझंच तोंड दिसत होतं. अरे ते खरं चित्र रेइना सोफिया म्युझियममध्ये लटकलंय, चालत जाण्यासारखं, तिकडे न्या की. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन पाहिलं. काळोखं चित्र, टेबलाभोवती काळ्या कोटातले पुरुष (बाई एकही नाही), मधे रामोन उभा, आणि मागच्या आरशात एक जुन्या काळचं वयस्कर जोडपं दिसतं जे टेबलावर कुठेच नाहीये. मी किती वेळ त्या आरशाकडेच बघत होते.

शेवटचा टप्पा रेसिदेन्थिया दे एस्तुदियांतेस, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, 1910 चं, टेकडीवर आलं 1915 ला. मेट्रोनं ग्रेगोरियो मारान्योन स्टेशनला उतरलो. हा मारान्योन ह्याच पिढीतला डॉक्टर-लेखक, म्हणजे आम्ही अक्षरशः विषयावरच उतरलो, पण गाईडला त्याचं काही नाही. जागा मात्र सुंदर. विटांच्या साध्या इमारती, कण्हेरी, आणि पॉप्लरची उंच झाडं जी हिमेनेथनं लावून घेतली आणि टेकडीला नावही दिलं, 'पॉप्लरांची टेकडी'. हा तोच कवी जो स्पॅनिशमधला e आणि i च्या आधीचा g सरळ खोडून तिथे j लिहायचा कारण उच्चार तसा आहे, आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घवाल्यांना चक्कर आली असती.

इथे टूर पूर्ण हातची गेली. चाळीस मिनिटं लोर्का, दाली आणि सिनेमावाला बुन्युएल. दालीची खोली, बुन्युएलच्या खोड्या, लोर्काचा पियानो. अहो हे सगळे इथे राहायला आलेले पोरं, बुन्युएल 1917 ला, लोर्का 1919 ला, दाली 1922 ला. घर ज्यांनी बांधलं त्यांची टूर म्हणून पैसे घेतले आणि भाडेकरूंच्या गोष्टी सांगितल्या! संचालक हिमेनेथ फ्राऊदचं नाव एकदा, तेही कवी हिमेनेथशी गल्लत करून. 1923 ला आइन्स्टाइन इथे बोलला ते एका वाक्यात.

आणि बायका? हिमेनेथची बायको थेनोबिया काम्प्रुबी म्हणजे नुसती "कवीची बायको", संपलं. जिनं 1915 पासून टागोर स्पॅनिशमध्ये आणला, फ्लॅट सजवून भाड्यानं द्यायचा धंदा करून घर चालवलं, तिला अर्धं वाक्य. मेट्रोपासून थोड्या अंतरावर फोर्तुनी रस्त्यावर 53 नंबरला मुलींचं वसतिगृह होतं, मारिया दे माएथ्तूनं 1915 पासून चालवलेलं, आज तिथे ऑर्तेगा-मारान्योन फाउंडेशन आहे. मी विचारलं तिकडे जाणार का, तर म्हणे ते रूटमध्ये नाही.

पाचपैकी तीन देतेय, त्यातले दोन कोमेदियाच्या दारासाठी आणि एक झाडांसाठी. जायचंच असेल तर संध्याकाळचा स्लॉट घ्या, मेसेजमध्ये थिएटरचं पूर्ण नाव मागून घ्या.

हे सगळं मी कंपनीला सविस्तर लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, सोबत डिस्काउंट कूपन. त्यांच्या लोर्का-दाली टूरचं.