कॅनडा की जर्मनी? निघण्याआधी मामाचं ऐका

ऐरोलीला आयटीत असलेली भाची आणि तिचा नवरा सध्या रोज जेवणं उरकली की एकच विषय काढतात. मी चार वर्षं टोरोंटोजवळ काढून घोडबंदर रोडला परतलो. धाकटा भाऊ अजून स्टुटगार्टला आहे. म्हणून हा शब्दप्रपंच.

ट्रॅफिकला वैतागून निघणार असाल तर आधीच सांगतो, गायमुखला अडकून शिव्या घालायचो तसा तिकडे ४०१ हायवेवरही अडकायचो. हॉर्न तेवढे वाजत नव्हते.

कॅनडाची मोठी जमेची बाजू म्हणजे नोकरी हातात नसतानाही पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेऊन उतरता येतं. एक्सप्रेस एंट्री या त्यासाठीच्या निवड पद्धतीत १२०० पैकी गुण असतात, वयाचे गुण तिशीपासून घटू लागतात, त्यामुळे भाचीची घाई मला समजते. पण पीआर म्हणजे नोकरी नव्हे. ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स आहे का?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की झोपेतही उत्तर दिलं असतं. ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच ही सरसकट अट भेदभावाची ठरवली होती. नोकरीसाठी फोनवर मुलाखत घेणाऱ्या बाईंना त्याचं काय! इथे नऊ वर्षं टीम लीड होतो, तिथे पहिले सात महिने गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवली. राहायला बेसमेंट. खिडकी छताला टेकलेली, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. जानेवारीत बर्फ साचला की तेही नाही. ठाण्यात चौदाव्या मजल्यावर राहिलेल्या बायकोला ते फार लागलं.

जर्मनीत उलट. ब्लू कार्ड, म्हणजे तिथला कुशल नोकरदारांचा वास्तव्य परवाना, मिळतं ते शिक्षणाला साजेशा नोकरीवरच, त्यामुळे लेबलं चिकटवायची पाळी सहसा येत नाही. जर्मन भाषा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची येत असेल तर २१ महिन्यांत कायमचं वास्तव्य, ए-वन या अगदी पहिल्या पातळीवर २७. नोकरी नसेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्ट हा नोकरी शोधायचा परवाना आहे: वर्षभर राहून शोधा, आठवड्याला २० तास काम करा.

चटका बसतो तो घरात. भावाने किल्ली घेऊन दार उघडलं तर स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून पाइपांची दोन तोंडं बाहेर आलेली. आधीचा भाडेकरू किचन उचलून घेऊन गेला होता, आणि तिकडे ती रीतच आहे. पंधरा दिवस त्याने बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी मीठ विसरलात तर सोमवारपर्यंत अळणी. ऑफिसात इंग्रजी चालतं. पण घरमालकाची चिठ्ठी, विम्याचं पत्र, मुलाच्या बालवाडीची सूचना, सगळं जर्मनमध्ये.

आईवडिलांचं काय, हे कोणी आधी विचारत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसावर ते एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. जर्मनीने २०२४ पासून कुशल कामगारांना आईवडील आणायची मुभा दिली खरी, पण आरोग्य विम्याची अट साठीपुढच्यांना जड जाते.

माझ्यापुरतं विचाराल तर तंत्रज्ञ असाल आणि घोकंपट्टीला भीत नसाल तर जर्मनी. भाची ए-वनच्या वर्गाला जाऊ लागलीय. जावईबापू अजून कॅनडाचे गुण मोजतायत आणि नौपाड्यातली ताई सुपर व्हिसाबद्दल दोनदा विचारून गेली.