बागेत साचलेलं तांबं: प्रेसमडचं कंपोस्ट की शहरी कंपोस्ट?

द्राक्षबागेत बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीसाठी) टाकलेल्या एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम निव्वळ तांबं असतं. घडांबरोबर त्यातलं नखभर बाहेर जातं, बाकीचं वरच्या वीतभर मातीत साठतं. तासगाव-मिरजेकडं जुनी बाग काढून नवी लागण करणाऱ्यांची कोवळी मुळं नेमकी याच थरात उतरतात, आणि जादा तांबं त्यांना बाधतं.

तांबं मुळांना कमी मिळावं म्हणून दिला जाणारा ‘चुना टाका’ हा सल्ला जावळी-महाबळेश्वरच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत चालेल. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास, तिथं चुना घालून काय मिळवायचं? उरलं कंपोस्ट. त्यातला ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग) तांबं आणि शिसं घट्ट धरतो, कॅडमियम आणि जस्तावर त्याची पकड सैल. धातू जमिनीतच राहतो, फक्त मुळांच्या हाती कमी लागतो. आपल्या उन्हात सेंद्रिय कर्ब लवकर जळतो, त्यामुळं एकदा टाकून भागत नाही.

प्रेसमड म्हणजे साखर कारखान्यात रस गाळून उरलेली मळी; तो उसातूनच निघतो, त्यामुळं त्यात जड धातू सहसा कमी. कारखाना जवळ असला की ट्रॉलीचं भाडंही परवडतं. अडचण क्षारांची. त्यावर डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) मुरवलेलं असेल तर कृष्णाकाठच्या क्षारपड रानात ते नकोच; क्षार किती ते सांगणारा विद्युत वाहकतेचा आकडा मागून घ्या.

शहरी कंपोस्टात कचऱ्यातल्या बॅटऱ्या, रंगांचे डबे असं काहीही उतरू शकतं. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागं शिसं १००, कॅडमियम ५ आणि तांबं ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे नियमात बसणारं एक टन खतही ३०० ग्रॅम तांबं आणू शकतं, मोरचुदाच्या किलोपेक्षा जास्त! तांब्यावर उतारा म्हणून हे मी घेणार नाही. शिशाचा संशय असलेल्या परसात मात्र, तपासणीचा अहवाल हातात असेल तर, हरकत नाही. नाल्याच्या पाण्यावर पालक घेणाऱ्यांनी आधी पाणी बदलावं. त्या पाण्यातून येऊ शकणाऱ्या कॅडमियमपुढं दोन्ही खतं लंगडी.

द्राक्षासाठी माझं मत प्रेसमडला. पण आधी माती परीक्षणात उपलब्ध तांबं, म्हणजे मुळांना मिळू शकणारं तांबं, मोजून घ्या (प्रयोगशाळेत ‘डीटीपीए’ पद्धत म्हणा). चुनखडीच्या रानात बरंचसं तांबं आधीच बांधलेलं असतं, कदाचित खर्चाची गरजच पडणार नाही. खत मागवण्याआधी मूठभर आणून त्यात मेथी पेरून बघा; नीट उगवली नाही तर खत अजून कच्चं असू शकतं. आलेला ढीग आतून गरम लागला किंवा नाकाला अमोनिया झोंबला, तर ट्रॉली रिकामी करू देऊ नका.