सासवण्याची ‘शिल्पकार करमारकर’ सहल: सांगणारा जाणता, वेळापत्रक घाईचे

अलिबाग परिसरात सहली काढणाऱ्या एका स्थानिक मंडळींनी ‘शिल्पकार करमारकर’ या विषयाभोवती एक दिवसाची सहल सुरू केली आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून सकाळी गाडीने सासवण्याचे शिल्पालय, मग दुपारचे जेवण, एका दुकानाची भेट, संध्याकाळी किनारा आणि शेवटी परतीच्या बोटीपर्यंत सोय, असा तिचा आराखडा आहे. माणशी १,८०० रुपये पडतात आणि बोटीचे तिकीट त्यात धरलेले नाही. या किनाऱ्यावरच्या बहुतेक सहली किल्ला, मासळीचे ताट आणि वाळूवरची घोडागाडी यांपलीकडे जात नाहीत. तिथे एका शिल्पकाराच्या नावावर दिवसभराचे पैसे मागणे हे धाडसच आहे आणि ते निम्म्याहून अधिक सफल झाले आहे.

सहलीचे मोठे बळ म्हणजे तिचा मार्गदर्शक. थळकडचा हा तरुण गणपतीच्या कारखान्यात शाडूचे काम केलेला आहे, त्यामुळे त्याची माहिती पाठ केलेली वाटत नाही. विनायक पांडुरंग करमारकर (१८९१–१९६७) यांचा जन्म सासवण्याचा. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यातूनच या खेड्यातल्या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात, जणू साहेबाची नजर पडली आणि शिल्पकार तयार झाला. आमचा मार्गदर्शक मात्र पुढे गेला. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या बोलावण्यावरून कोलकात्यात थाटलेला स्टुडिओ, १९२० साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत घेतलेले शिक्षण आणि मायदेशी परतल्यावर हाती आलेले पुण्याच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे काम, हा सगळा प्रवास त्याने गाडीत बसल्या बसल्या, कुठेही भक्तिभावाचा सूर न लावता, नीट उलगडला.

पुण्याच्या पुतळ्यावर त्याने सर्वाधिक वेळ दिला, आणि तो योग्यच होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मनावर घेतलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले, त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी काम पुढे नेले आणि १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी पुतळ्याचे अनावरण केले. सुमारे ८ टनांचा हा पुतळा ओतला गेला मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि पुण्याला गेला रेल्वेने. जहाजांच्या कारखान्यात पुतळा का, हा प्रश्न एका सहप्रवाशाने विचारला, तेव्हा मार्गदर्शकाने पिशवीतून शाडूचा गोळा, प्लास्टरच्या साच्याचा तुकडा आणि मेणाची एक पोकळ मूठ काढून सर्वांच्या हातात दिली. मातीत घडवलेल्या आकृतीवरून साचा घ्यायचा, साच्यातून प्लास्टरची प्रत काढायची, आणि त्या प्रतीवरून धातूसाठीचा साचा असा बांधायचा की बाहेरची भिंत आणि आतला कोर, म्हणजे पोकळी राखणारा गाभा, यांच्यामध्ये सगळीकडे जवळजवळ सारखीच जागा राहील, कारण ब्राँझ भरीव ओतले तर ते थंड होताना असमान आकसते आणि तडकते. तांब्याचे नऊ भाग आणि कथलाचा एक, असे मिश्रण साधारण १,००० अंश सेल्सिअसला वितळते. त्याहून अधिक तापलेला रस एका दमात आत गेला पाहिजे, आतली हवा आणि वायू बाहेर पडायला वाटा ठेवलेल्या असल्या पाहिजेत, आणि मध्येच रस कमी पडला तर तो भाग पुन्हा ओतण्यावाचून गत्यंतर नाही. एवढ्या धातूसाठी लागणाऱ्या भट्ट्या आणि ते वजन पेलणाऱ्या याऱ्या गोदीत होत्या, हे ऐकल्यावर प्रश्नकर्त्याचे समाधान झाले. ही पंधरा-वीस मिनिटे सहलीच्या निम्म्या पैशांचे मोल फेडतात.

शिल्पालय म्हणजे करमारकरांचे राहते घर आणि कामाची जागा. शंभराहून अधिक शिल्पे इथे घरात आणि अंगणात आहेत. त्यांत प्लास्टर, सिमेंट आणि फायबरमधली कामे पाहून आमच्यातल्या काहींचा विरस झाला, कारण ‘खरे ब्राँझ’ पाहायला मिळेल अशी त्यांची समजूत जाहिरातीने करून दिली होती. माझे मत याच्या उलट आहे. ब्राँझमध्ये ओतारी, छिन्नीकाम करणारा आणि रंगाचे पुट चढवणारा असे अनेक हात उतरलेले असतात. प्लास्टरमध्ये आपण मातीवर फिरलेल्या बोटांच्या अधिक जवळ असतो, आणि गालावर किंवा मनगटावर शिल्पकाराने कुठे हात आखडता घेतला हे तिथे लख्ख दिसते. १९३० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे ‘शंखध्वनी’, किंवा ‘मत्स्यगंधा’, किंवा अंगणातली ती सिमेंटची म्हैस, यांच्यात पुढाऱ्यांच्या पुतळ्यांना लागणारा दिमाख नाही. भोवतालच्या माणसांकडे आणि जनावरांकडे निरखून पाहणारी दृष्टी आहे, आणि विलायती शिक्षणातून आलेले शरीररचनेचे ज्ञान तिच्या आड येत नाही. मला स्वतःला करमारकर स्मारकांपेक्षा इथेच मोठे वाटतात. पद्मश्री (१९६२) हा उल्लेख मार्गदर्शकाने एका वाक्यात उरकला, तेही बरे वाटले.

पण या सगळ्यासाठी आयोजकांनी ठेवलेला वेळ होता पाऊण तास! मुंबईहून आलेल्या एक वयस्क बाई एका शिल्पापुढे उभ्या राहून वहीत रेखाटन करत होत्या, तर ‘मावशी, जेवणं लागलीयेत, चला आता’ म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले. जेवण खरोखरच चांगले होते, विशेषतः वालाचे बिरडे, पण त्यापायी कुणी रेखाटन अर्धे टाकावे असे नव्हते.

त्यानंतरची दुकानाची भेट तर आराखड्यातून काढूनच टाकावी. ‘ब्राँझचा पुतळा’ अशी चिठ्ठी लावलेल्या वीतभर मूर्ती तिथे २,४०० रुपयांना होत्या. उचलताच त्या हलक्या लागल्या, हाताला गारवा जाणवला नाही आणि नखाने वाजवल्यावर बद्द आवाज आला, म्हणजे धातूची पूड मिसळलेले रेझिन. सकाळी मेणाची मूठ हातात देऊन ओतकाम समजावणारा तरुण इथे गप्प उभा होता. दुकानदाराशी असलेले संबंध त्याला सांभाळायचे असतील, पण खरेदी करणाऱ्या दोघांना त्याने खुणेने तरी सावध करायला हवे होते.

आणखी एक सूचना. या सहलीला येणारे बहुतेक जण गेटवेहून बोटीने येतात, आणि तिथे ना. ग. पानसरे यांनी घडवलेला, १९६१ मध्ये बसवलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे. बोटीत बसण्याआधी तो नीट पाहून या, एवढा निरोप आदल्या दिवशी फोनवर पाठवला, तर पुण्याच्या पुतळ्याविषयीचे बोलणे हवेत राहणार नाही. तसेच गिरगाव चौपाटीवरचे टिळक घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके हे मूळचे वसईचे. करमारकरांच्या काळातला, याच किनाऱ्यावरचा दुसरा मोठा शिल्पकार म्हणून त्यांचे नाव या व्याख्यानात यायलाच हवे.

शिल्पकलेची विशेष ओढ नसलेल्या कुटुंबाला ही सहल आहे तशीच आवडेल. ज्यांना शिल्पे पाहायची आहेत त्यांनी मांडव्याहून रिक्षाने स्वतंत्र जावे, किंवा मी केली तशी आयोजकांकडे आधी विचारणा करावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी किमान सहा जण असतील, तर दुकान व किनारा वगळून दुपारपर्यंत सासवण्यातच थांबण्याची सोय त्याच दरात करू, असे त्यांनी मला सांगितले आहे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे मोटारीही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, यावे लागते आणि तिची वेळ सहलीच्या वेळेशी जुळते का, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.