ग्रेट प्लेन्स की ट्रेड रायफल?
लायमन या अमेरिकी कंपनीच्या या दोन्ही चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीवर बार उडवणाऱ्या, रायफली इटलीतल्या कारखान्यात बनलेल्या. खरा फरक नळीत. ग्रेट प्लेन्सची नळी ३२ इंची, आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खोबणी, ६० इंचांत एक फेरा घेतात. कापडात गुंडाळलेली गोल गोळी तिला मानवते. ट्रेडची २८ इंची, ४८ इंचांत फेरा. गोल गोळीही चालते, लांबटही. झाडीत वावरायला हीच सुटसुटीत.

भरवशाचं दुखणं मात्र दोघींचं एकच. घोडा पडतो, गार पोलादावर घासते, रंजक, म्हणजे बाहेरची पेटवणीची दारू, भुर्रकन जळते आणि बार काही उडत नाही! लोक लगेच कारखान्याला शिव्या घालतात. आधी गारेची धार बघा, कानात, म्हणजे रंजकेची आग नळीत नेणाऱ्या भोकात, सुई फिरवा. आणि दारू खरी काळीच हवी. तिच्या नकली पर्यायांना ठिणगी सहज धरत नाही. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या हरणांच्या हंगामात, दमट हवेत, हे पक्कं कळतं. माझा कल ग्रेट प्लेन्सकडे, खांदा दुखला तरी.